आजीला गप्प बसवू नका : स्पीच थेरपिस्ट मंडळींना एका आईचं खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रात लहान मुलांना बोलतं करणारे सर्व स्पीच थेरपिस्ट, त्यांना घडवणाऱ्या शिक्षणसंस्था आणि राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

मी फलटण तालुक्यातल्या एका गावात राहते. एका पतसंस्थेत काउंटरला असते. माझ्या मुलाला पुढच्या महिन्यात चार वर्षं पूर्ण होतील. त्याचं खरं नाव इथे लिहीत नाही. घरात आम्ही त्याला सोन्या म्हणतो, तुम्हीही तेच म्हणा. तो तीन वर्षं दोन महिन्यांचा असताना त्याची स्पीच थेरपी सुरू झाली. तेव्हा त्याच्या तोंडी मोजून पाच शब्द होते, आणि त्यातले दोन फक्त मला कळायचे.

तुमच्यातल्याच एका ताईंच्या सल्ल्यानं आमचं घर चार महिने मुकं झालं होतं, आणि तुमच्यातल्याच दुसऱ्या एका ताईंनी ते पुन्हा बोलतं केलं. दोघींबद्दलही लिहायचं आहे, म्हणून हे पत्र.

आधीचं थोडक्यात सांगते. सोन्या दोन वर्षांचा झाला तरी बोलेना, तेव्हा मी सोडून कुणालाच काळजी वाटत नव्हती. माझ्या सासूबाई (आम्ही त्यांना आत्या म्हणतो) म्हणायच्या, "त्याचा बाप चार वर्षांचा होईस्तवर बोलत नव्हता. आता गप बस म्हणावं लागतंय." शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून दिलं, ते मधातून चाटवलं. कुणी म्हणालं, जीभ जड आहे, जिभेखालची शीर कापून आणा. नवस बोलून झाला. यातल्या कुणालाही मी दोष देत नाही, सगळ्यांनी जीव लावूनच सांगितलं. पण त्यात वर्ष गेलं. गरोदरपणात मिळालेलं माता-बाल कार्ड माझ्या कपाटात होतं. कितव्या महिन्यात मूल काय करतं, काय बोलतं, हे त्यावर चित्रांसकट छापलेलं आहे. मी त्याचं फक्त लसीचं पान उघडत आले होते. दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलणं नाही, तर थांबून बघायचं नसतं, दाखवायचं असतं, हे मला बालरोगतज्ज्ञांनी सांगितलं तेव्हा सोन्या तीन वर्षांचा होता.

त्यांनी आधी कान तपासायला लावले, आणि ते बरोबरच होतं. ऐकूच येत नसेल तर बोलणार कुठून? बेरा टेस्टला मूल गाढ झोपलेलं लागतं, म्हणून रात्री उशिरापर्यंत जागं ठेवा आणि पहाटे लवकर उठवा असं सांगितलं होतं. पहाटेच्या पुण्याच्या एसटीत खिडकीशी बसून मी त्याला झोपू देत नव्हते. लोणंदच्या पुढे त्याची मान पडायला लागली. मी बाटलीतलं पाणी हातावर घेऊन त्याच्या डोळ्यांवरून फिरवलं. तो माझ्याकडे नुसता बघत राहिला. दुसरं एखादं मूल म्हणालं असतं, आई, झोपू दे ना. त्याच्याकडे ते म्हणायला शब्दच नव्हते. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की न बोलणाऱ्या मुलाला आपण काय काय करतो आणि ते सगळं निमूट सोसतं.

कान चांगले निघाले. भाषा उशिरा येते आहे, थेरपी लावा, असं सांगण्यात आलं. आणि आम्ही पुण्यातल्या एका खासगी केंद्रात जाऊ लागलो. आठवड्यातून एकदा, येऊन-जाऊन सगळा दिवस.

तिथल्या ताई प्रेमळ होत्या, हे आधी नोंदवते. सोन्या त्यांच्याकडे रडत गेला नाही. पण मी दाराबाहेर बसायची. पाऊण तास आतून आवाज यायचा, "से बॉल. बॉल. गुड बॉय. से ॲपल." टेबलावर चित्रांचे पत्ते असायचे. सफरचंद, झेब्रा, इग्लू, व्हायोलिन. आमच्या घरी सफरचंद कुणी आजारी पडलं तर येतं. बाकीच्या तीन वस्तू सोन्यानं काय, आम्हीही कधी हाताळलेल्या नाहीत. घरी करायचा अभ्यास इंग्रजीत छापलेल्या कागदावर मिळायचा. मी बी.कॉम. आहे, मला तो वाचता येत होता. माझ्या शेजारी बसणाऱ्या आयांपैकी निम्म्या तो घडी घालून पर्समध्ये ठेवायच्या.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी विचारलं, शाळा कुठल्या माध्यमाची ठरवली आहे? मी म्हटलं, इंग्रजी. त्या म्हणाल्या, "मग घरी मराठी बंद करा. दोन भाषांनी तो कन्फ्यूज होतो. सगळ्यांनी त्याच्याशी फक्त इंग्लिशमध्ये बोलायचं."

आणि आम्ही ते केलं. मुलासाठी आईबाप काय करत नाहीत? मी घरी येऊन सगळ्यांना बसवून सांगितलं. आत्यांना म्हटलं, "तुम्ही त्याच्याशी बोलू नका काही दिवस. डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी काही विचारलं नाही. त्या गप्प बसल्या.

सोन्याला दिवसभर सांभाळतं कोण? मी नऊला घर सोडते ते सहाला येते. ह्यांचं शेताचं आणि दूध घालायचं चालू असतं. म्हणजे सोन्याचा सगळा दिवस आजीबरोबर. पहाटे गोठ्यात, मग चुलीशी, मग दारातल्या लिंबाखाली. चार महिने आत्यांनी त्याला जेवू घातलं, अंघोळ घातली, मांडीवर थोपटून झोपवलं, तेही तोंडातून अक्षर न काढता. एकदा मी लवकर घरी आले तर त्या भाजी निवडत होत्या, तो समोर बसला होता, आणि दोघंही गप्प. त्याच आत्या, ज्या म्हशीशीसुद्धा अखंड बोलतात.

मी घरी आल्यावर इंग्रजी सुरू व्हायचं. कम. सिट. ईट. नो. गुड बॉय. क्लोज द डोअर. मला वाटायचं माझं इंग्रजी बरं आहे. पण पोराला अंगाशी घेऊन आज दिवसभरात काय काय झालं, आभाळ कसं भरून आलंय, रेडकू कसं दावं तोडून पळालं, हे सांगायला माझ्याकडे इंग्रजी नव्हतं. वीस-पंचवीस वाक्यांत माझा दिवस संपायचा. ह्यांचा तर चारच शब्दांत. ज्या मुलाच्या कानावर जास्तीत जास्त बोलणं पडायला हवं, त्याच्या कानावरचं सगळं बोलणं आम्ही काढून घेतलं, आणि त्यासाठी महिन्याला पैसेही भरले.

थेरपिस्ट मंडळी, मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. दोन भाषा ऐकल्यानं मुलाचं बोलणं लांबत नाही, हे तुमच्या शास्त्रात आता वादाचं राहिलेलं नाही. ज्या मुलांना आधीच भाषेची अडचण आहे, ज्यांना डाउन सिंड्रोम आहे, जी स्वमग्न आहेत, त्यांनाही घरची भाषा चालू ठेवल्यानं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही. मूल एका भाषेत जे कमावतं ते दुसरीकडे नेतं. शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले मिळून मोजायचे. हे सगळं मला तुमच्यापैकीच एकीनं समजावून सांगितलं, तेही पाच-सात मिनिटांत. मग तीच पाच-सात मिनिटं आधीच्या ठिकाणी का मिळाली नाहीत? "एकच भाषा ठेवा" हा सल्ला अजून किती घरांत दिला जातो आहे? माझ्या नणंदेच्या ओळखीत दोन घरं आहेत. पतसंस्थेत पैसे भरायला येणाऱ्या एका बाईनंही हेच सांगितलं, आणि तिची आई गावी निघून गेली, कारण "माझ्या बोलण्यानं पोराचं वाईट होतंय."

आता दुसऱ्या ताईंबद्दल. पुण्याच्या खेपा झेपेनात म्हणून आम्ही जिल्ह्याच्या गावी चौकशी केली. पहिल्या दिवशी योगायोगानं आत्याही बरोबर होत्या, त्यांना डोळे दाखवायचे होते. मी सवयीनं बाहेरच्या बाकावर बसायला गेले तर ताई म्हणाल्या, "तिघंही आत या." आत टेबल नव्हतं. सतरंजी होती, आणि एका टोपलीत भातुकली, लाकडी बैल, एक डबा, दोन वाट्या.

त्यांनी आत्यांना विचारलं, "आजी, याला झोपवताना तुम्ही काय म्हणता?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. परवानगी मागितल्यासारखं. ती नजर मी विसरणार नाही.

"काय बी न्हाई," त्या म्हणाल्या. "बोलू नगा म्हणलीया ही."

ताईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता मला बोलणार. पण त्या आत्यांच्या जवळ सरकून बसल्या आणि म्हणाल्या, "आजी, आजपासून तुम्ही बोलायचं. खूप बोलायचं. याला तुमचंच बोलणं पाहिजे आहे."

मग त्यांनी सोन्याचा तळहात उघडला. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या हातावर झालेला तो मोराचा खेळ. तळहातावर बोट टेकवून मोराला बसवायचं, चारा घालायचा, पाणी पाजायचं आणि मग भुर्रकन उडवून द्यायचं. त्यांनी तो अगदी सावकाश केला. पाच वेळा. प्रत्येक वेळी भुर्र झाला की सोन्या खुदकन हसायचा. सहाव्या वेळी चारा झाला, पाणी झालं, बोट वर उचललं, आणि त्या थांबल्या. ओठ भुर्रच्या तयारीत, नजर त्याच्या तोंडाकडे. बोल म्हणाल्या नाहीत, सांग म्हणाल्या नाहीत. मी मनात दहापर्यंत मोजलं. तो त्यांच्या बोटाकडे बघत होता, मग ओठांकडे. काही आलं नाही. त्यांनी हळूच भुर्र केलं, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"हे घरी आजींनी करायचं," त्या म्हणाल्या. "दिवसातून जितक्या वेळा जमेल तितक्या वेळा. आणि शेवटी थांबायचं. ती थांबलेली जागा त्याची आहे. आपण घाईनं भरायची नाही."

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी मी डबा भरत होते. ओट्यामागून आत्यांचा आवाज येत होता, मग तो थांबला, आणि त्या थांबलेल्या जागेत सोन्याचा आवाज आला. "बु." त्यानं स्वतः आजीचं बोट धरून वर उचललं होतं. आत्यांनी मला हाक मारली नाही, त्या तशाच पुढे खेळत राहिल्या. हे शहाणपण त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर मी ताईंना खूप प्रश्न विचारले, आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला वाईट वाटलं की आपल्या घरात केवढं साहित्य पडून आहे आणि आपण ते बाहेर शोधत बसतो. बाळाशी बोलायची आपली जी भाषा आहे ना, मम्मं, दुदू, बाऊ, भूभू, चिऊ, काऊ, माऊ, हम्मा, शी, शू, जोजो, तिला आपण लाडाची बोली म्हणून सोडून देतो. पण त्यातले आवाज बघा. बरेचसे ओठांवरचे, मुलाला डोळ्यांनी दिसणारे. तोंड उघडं राहील असे स्वर. तेच अक्षर दोनदा. बोलायला लागणाऱ्या मुलाला सगळ्यात सोपं जे असतं, नेमकं तेच पिढ्यान्‌पिढ्या निवडलं गेलं आहे.

आणि आपली आज्ञार्थी क्रियापदं! ये. जा. दे. घे. खा. पी. ने. एक व्यंजन, एक स्वर, झालं वाक्य. "दे" म्हटलं की वस्तू हातात येते. "ये" म्हटलं की माणूस जवळ येतं. 'ॲपल' म्हणून पोराला काय मिळतं? पत्ता उलटला जातो आणि पुढचा पत्ता येतो. आत्या रोज पहाटे म्हशीला हेच शब्द म्हणतात. सर. थांब. ये. खा. पी. ताईंनी त्यांना सांगितलं, "म्हशीशी बोलता तसंच, तेवढंच, त्याच्याशी बोला." आत्यांना ते लगेच कळलं. मी महिनाभर कागद वाचून जे करू शकले नव्हते ते त्यांनी त्या संध्याकाळपासून सुरू केलं.

सोन्याचा पहिला पक्का शब्द, जो त्यानं जिथे पाहिजे तिथे, ज्याला पाहिजे त्याला वापरला, तो होता "नको". उच्चार "नतो" असा. तो मी त्याला दूध देत असताना आला. मी पेला खाली ठेवला आणि रडले. मला एसटीतली ती पहाट आठवली. आता त्याला नको ते नको म्हणता येत होतं.

मराठीत थेरपी करायची म्हणजे पत्त्यांवर झेब्र्याऐवजी बैल काढायचा, एवढंच नाही. चिमणी उडाली, कावळा उडाला, पाखरू उडालं. हे एवढंसं शेपूट मुलाला पकडायचं असतं, आणि इंग्रजी वाक्यात ते नसतंच. घरी, घरात, घरावर, घरामागे. चाक आणि चिमणी, लिहिताना एकच च, म्हणताना दोन. ळ आणि ण तर इंग्रजीच्या तक्त्यात सापडणारच नाहीत. ज्या मुलाची चाचणीच इंग्रजी शब्दांवर झाली, त्याला 'ळ' येतो की नाही हे कुणी कधी विचारलेलंच नसतं. ताईंनी वापरलेले मराठी शब्दांचे तक्ते त्यांनी स्वतः, रात्री घरी बसून केलेले होते. चित्रं त्यांच्या मुलीनं काढली होती. मला त्यांचं कौतुक वाटतं, पण हे बरोबर आहे का? २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाखांवर लोकांनी मराठी ही मातृभाषा सांगितली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या गावातही पेढे वाटले. मी मनापासून खाल्ले. आणि त्याच भाषेत बोलायला शिकणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी एका थेरपिस्टला तक्ते हातानं रंगवावे लागतात.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ पासून आहे. इतर महाविद्यालयांतही चार-चार वर्षांचे पदवी अभ्यासक्रम चालतात. तिथल्या अध्यापकांना माझी हात जोडून विनंती आहे. तुमचे विद्यार्थी देशभरातून येतात, त्यांना मराठी येत नसेल, यात त्यांचा काही दोष नाही. पण त्यांना इतकं तरी शिकवा की आजीला खोलीत बोलवायचं, आणि तिला विचारायचं, तुमच्याकडे याला काय म्हणतात? भाषा थेरपिस्टला आलीच पाहिजे असं नाही, घरातल्या माणसाला येतेच. पुण्याच्या ताईंना थेरपी इंग्रजीतूनच करता येत होती आणि हाताशी साहित्यही इंग्रजीच होतं. त्यांनी मला आत घेतलं असतं तर मी मराठी केलं असतं.

इथे मला एक कबूल करायला पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. मराठीचा आग्रह धरताना मी स्वतःही तीच चूक करायला निघाले होते. जिल्ह्याच्या गावी बाकावर एकदा एक ऊसतोड करणारी बाई भेटली. टोळीबरोबर आमच्याच भागात फडावर आलेली, लमाणी. तिच्या चार वर्षांच्या मुलीच्या दोन्ही कानांना मशीन होती. गप्पांत मी तिला म्हणाले, घरी मराठीच बोला हं हिच्याशी, शाळेला बरं. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "अंगणवाडीतल्या बाईंनीबी हेच सांगितलं. ताई, आमची बोली वाईट हाय का?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. चार महिने मी आत्यांना जे सांगत होते तेच मी तिला सांगितलं होतं. मराठी मोठी म्हणून नव्हे, घरची म्हणून सोन्याला पाहिजे. मग तिच्या मुलीला तिची गोरबोलीच पाहिजे. खानदेशात अहिराणी, मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली, मुंबईच्या चाळीत हिंदी नाहीतर उर्दू. ज्या भाषेत आई रागावते आणि आजी निजवते, ती. मी तिची माफी मागितली. तिनं हसून मुलीचं मशीन नीट बसवलं आणि तिला तिच्या बोलीत काहीतरी सांगितलं, मुलगी खळखळून हसली.

आता आरोग्य विभागाला दोन शब्द. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम देशात सुरू झाला तो आपल्या पालघरमधून, फेब्रुवारी २०१३ मध्ये. त्यात अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाची वर्षातून दोनदा तपासणी आहे, विकासातला विलंब हा त्यातला एक मुख्य भाग आहे, आणि पुढच्या उपचाराला जिल्हास्तरावर केंद्र आहे, त्यात कान आणि वाचेच्या तज्ज्ञाचं पद आहे. कागदावर हे फार चांगलं आहे, आणि पथकातले डॉक्टर उन्हातान्हात गावोगाव फिरतात हे मी बघितलं आहे. पण आमच्या अंगणवाडीत पथक आलं त्या दिवशी सोन्या तापानं घरी होता, आणि पुन्हा कुणी विचारलं नाही. त्या लमाणी बाईच्या गावात पथक जातं तेव्हा ती आमच्याकडे फडावर असते, आणि आमच्या गावात पथक येतं तेव्हा तिच्या मुलीचं नाव इथल्या अंगणवाडीच्या यादीत नसतं. जी मुलं त्या दिवशी सापडत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरा दिवस ठेवा. कारखाने सुरू झाले की फडावर एक फेरी ठेवा.

आणि एक काम असं आहे की ते एकट्या थेरपिस्टच्या आवाक्यातलं नाही, ते तुम्हीच करू शकता. मराठी मुलांच्या मराठी बोलण्याचं एक नीट मोजमाप, चित्रांसह शब्दांचे तक्ते, घरी करायच्या गोष्टी सोप्या मराठीत आणि जमेल तितक्या बोलींमध्ये, आणि हे सगळं प्रत्येक जिल्ह्याच्या केंद्रात फुकट. तज्ज्ञ आहेत, चित्रकार आहेत, भाषेचे अभ्यासक आहेत. खर्च एखाद्या यंत्राइतकाही होणार नाही. आपल्या चिऊकाऊच्या गोष्टीत चिमणी दरवेळी तेच वाक्य एक क्रियापद बदलून म्हणते. आमच्या ताईंनी त्या एका गोष्टीवर दीड महिना काढला, आणि सोन्याच्या शब्दांच्या वहीत चार नवी क्रियापदं आली. अशा गोष्टी तर प्रत्येक जिल्ह्यात पोत्यानं आहेत, त्या गोळा करायला आत्यांसारख्या बायकांना बोलवा, त्या आनंदानं येतील.

एक जुनी अडचणही सांगून ठेवते. दिव्यांगांच्या १९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यात वाचा-भाषेला स्वतंत्र जागा मिळाली. पण सोन्यासारखी मुलं बऱ्याचदा त्या यादीच्या उंबऱ्यावर असतात. त्यांना कसला दाखला लागत नाही, वेळेवर थोडी मदत लागते. ती मिळाली नाही तर शाळेत "मठ्ठ" हा शिक्का मात्र लगेच मिळतो. उंबऱ्यावरच्या या मुलांची नोंद ठेवा.

पतसंस्थेत जुन्या सालाच्या डायऱ्या उरतात. त्यातल्या एकीत मी सोन्याचे शब्द लिहिते. तारीख, शब्द, त्याचा उच्चार, कुणाशी बोलला. परवापर्यंत ७१ झाले. दोन शब्दांची वाक्यं नऊ. "आज्जी ये." "हम्मा पी." "आई नतो जा." हे शेवटचं सकाळी नऊ वाजता दारात म्हटलं जातं, त्यामुळे त्याचा अर्थ मला कुणी समजावून सांगावा लागत नाही. चार वर्षांच्या मुलानं याच्या कितीतरी पुढे असायला हवं, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी शाळेचं काय करायचं याचा आम्ही फेरविचार करतो आहोत. गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी दोनदा जाऊन आले.

मधल्या सुट्टीत बसून हे पत्र लिहून काढलं आणि रात्री आत्यांना वाचून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "त्या पुण्याच्या बाईला रागावून लिवू नगंस. तिला म्हणावं, एकदा आमच्याकडं ये, पोराला भेट." ते मी त्यांच्याच शब्दांत इथे लिहिते आहे. तुमच्यापैकी त्या ज्या कुणी आहात, तुम्ही हे वाचत असाल तर खरंच या. आषाढी वारीला माउलींची पालखी आमच्या बाजूनं जाते, तेव्हा घर माणसांनी भरलेलं असतं, सोन्या सगळ्यांच्या मागे मागे फिरत असतो.

येत्या गुरुवारी आमचं पुढचं सेशन आहे. या वेळी टोपलीत केळं घेऊन या असं ताईंनी सांगितलं आहे. तो त्याला "तेलं" म्हणतो. 'क'वर काम सुरू होणार आहे, 'ळ'ची घाई करायची नाही, तो उशिरा येतो, असं त्या म्हणाल्या. आत्या बरोबर येणार आहेत.

आपली,
सोन्याची आई
ता. फलटण, जि. सातारा